मुंबईच्या किनाऱ्यावर लाँग एक्सपोजर : आधी पाणी, मग सेकंद, मग फिल्टर

धागाकर्ता : खडकवाट

नमस्कार.

वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर संध्याकाळी ट्रायपॉड लावून उभा राहिलो की फिरायला आलेली मंडळी हमखास थांबतात आणि लेन्ससमोर ही काळी काच कशासाठी लावली आहे, असे विचारतात. प्रकाशचित्रणाची आवड असलेल्या मित्रांचा प्रश्न वेगळा असतो : एनडी कितीचा घ्यावा, सहा स्टॉपचा की दहा स्टॉपचा? या दुसऱ्या प्रश्नाला मी अलीकडे थेट उत्तर देत नाही. तुम्हाला पाणी कसे दिसायला हवे आहे, असे मी आधी विचारतो. प्रकाशचित्र बदलते ते सेकंदांनी, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते त्याने; ते असे बराच वेळ उघडे ठेवणे म्हणजेच लाँग एक्सपोजर. उजेड असताना तेवढे सेकंद मिळवून देणे एवढेच फिल्टरचे काम आहे. हा क्रम उलटा धरल्यामुळे मी स्वतः दोन वर्षे चुकीच्या वस्तूंवर पैसे घालवले, म्हणून आज हे सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडे गणित. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, अर्थात सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात अडवणारी काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. त्यामुळे तीन स्टॉपच्या काचेतून आठवा हिस्सा प्रकाश आत येतो, सहा स्टॉपच्या काचेतून चौसष्टावा आणि दहा स्टॉपच्या काचेतून १०२४वा. बाजारात यांनाच एनडी ८, एनडी ६४ आणि एनडी १००० म्हणतात. काही उत्पादक मात्र घनतेचा आकडा छापतात आणि त्यात एका स्टॉपला ०.३ धरतात, त्यामुळे तीच तीन काचा ०.९, १.८ आणि ३.० या नावांनी समोर येतात. दुकानात ३.० हा आकडा पाहून तीन स्टॉपचा समजून दहा स्टॉपचा फिल्टर घरी आणलेले दोन जण माझ्या माहितीत आहेत.

सूर्य नुकताच बुडाला आहे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्सचे उघडे तोंड; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ ११ आणि फिल्टरशिवाय कॅमेरा पाव सेकंद सांगतो आहे, असे समजा. सहा स्टॉपचा फिल्टर लावला की पाव सेकंदाचे १६ सेकंद होतात. त्याच जागी दहा स्टॉपचा लावला तर २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटे. शिवाय सूर्यास्तानंतर उजेड भराभर ओसरत असल्याने एवढ्या लांब एक्सपोजरला हिशेबापेक्षा थोडा अधिकच वेळ द्यावा लागतो. म्हणजे दुपारी उपयोगी पडणारी काच संध्याकाळी गैरसोयीची ठरते, आणि ज्यांना नोकरीमुळे फक्त संध्याकाळच मिळते त्यांनी दहा स्टॉपपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पाण्याकडे येतो. बँडस्टँडचा खडक काळा, खडबडीत आणि खाचाखोचांचा आहे. लाट त्यावर चढते आणि परत जाताना त्या खाचांमधून पांढऱ्या फेसाच्या रेघा खाली ओढत नेते. या परतीला साधारण एक ते दोन सेकंद लागतात. शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवले आणि लाट मागे फिरायला लागली त्याच क्षणी बटण दाबले, तर प्रत्येक रेघ वेगळी दिसते आणि पाण्याला दिशा राहते. चार ते आठ सेकंदांत दोनतीन लाटा एकावर एक बसतात, रेघा मऊ होतात, पण पाणी हलत होते हे अजून कळते. तीस सेकंदांत फेसाचे धुके होते. दोन मिनिटांनंतर समुद्र तापवलेल्या काचेसारखा सपाट होतो आणि खडक त्यातून वर आलेल्या बेटांसारखे दिसू लागतात. यांतले काहीही चूक नाही, पण ही चार वेगळी प्रकाशचित्रे आहेत आणि त्यांतले कोणते हवे ते फिल्टर पिशवीतून काढण्याआधी ठरलेले असले पाहिजे. माझी स्वतःची ओढ पहिल्या प्रकाराकडे आहे, कारण त्यात मुंबईचा समुद्र ओळखता येतो; दोन मिनिटांचा सपाट समुद्र जगात कुठलाही असू शकतो.

ढगांचा हिशेब पाण्यापेक्षा निराळा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून ढग वेगाने येतात तेव्हा ६० सेकंदांतही आकाशात लांब पट्टे उमटतात. ऑक्टोबरनंतर वरचे ढग सावकाश सरकतात आणि त्यांना तीन-चार मिनिटे लागतात. मग पाण्याला एक सेकंद आणि ढगांना चार मिनिटे, हे एका प्रकाशचित्रात बसत नाही. अशा वेळी मी पाण्याची बाजू घेतो.

कृती थोडक्यात सांगतो. फिल्टर लावण्याआधी चौकट ठरवून फोकस करावा आणि लगेच लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकावी, कारण दहा स्टॉपच्या काचेमागे बहुतेक कॅमेऱ्यांना फोकस सापडत नाही. ट्रायपॉडवर लेन्समधील स्थिरीकरण बंद करावे. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांपुढे बल्ब मोड (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी सोय) आणि वायरचा रिमोट लागतो. डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा कॅमेरा) असेल तर डोळ्याजवळची खिडकी झाकावी. लांब एक्सपोजरमध्ये तिथून शिरलेला प्रकाश प्रकाशचित्रावर फिकट पट्टा उमटवतो. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात ही अडचण नाही. छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे. सेकंद वाढवण्यासाठी एफ २२ पर्यंत जाणाऱ्यांना विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) खडकांचा बारीक पोत गमवावा लागतो.

वाळूवर मात्र घाई करू नये. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवावेत आणि दोन लाटा त्यांच्याभोवती फिरून जाऊ द्याव्यात. परतीचे पाणी पायांखालची वाळू थोडी थोडी ओढून नेते आणि कॅमेरा केसभर खाली बसतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण आठ सेकंदांच्या प्रकाशचित्रात क्षितिजाला दुहेरी कड येते. जुहूला पहिल्या सहा महिन्यांतली माझी निम्मी प्रकाशचित्रे अशीच गेली आणि दोष लेन्सचा आहे असे मी समजत राहिलो.

आपापले अनुभव जरूर लिहावेत.

प्रतिसाद : अंधेरीकर

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे १८-५५ची किट लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे. मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. एक म्हणजे व्हेरिएबल एनडी घेतला तर सगळे स्टॉप एकाच काचेत मिळतील ना? दुसरा प्रश्न रंगाविषयी आहे. एका मैत्रिणीचा दहा स्टॉपचा स्वस्त फिल्टर लावून वरळीला गेले होते, तर सगळी प्रकाशचित्रे तपकिरी-लालसर आली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बदलूनही ती नीट होईनात. कॅमेरा बिघडला असेल का?

प्रतिसाद : ध्रुवण

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि हा रंगाचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देते.

तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त किरणेही जाणवतात. ती अडवण्यासाठी सेन्सरसमोर एक पातळ फिल्टर बसवलेला असतो, पण तो शंभर टक्के अडवत नाही. एरवी दृश्य प्रकाश इतका जास्त असतो की गळून आलेल्या त्या थोड्याशा अवरक्ताचा प्रभाव दिसत नाही. आता आपण दहा स्टॉपची अशी काच लावली की जी दृश्य प्रकाश हजारपटीने कमी करते पण अवरक्त बऱ्याच अंशी तसाच जाऊ देते. एक्सपोजर हजारपट वाढवल्यावर दृश्य प्रकाश पूर्वीइतकाच जमा होतो आणि अवरक्ताची गळती मात्र शेकडो पटींनी जमा होते. ती प्रामुख्याने लाल रंगाच्या मोजणीत मिसळते आणि झाडे, काळे कापड, सावल्या तपकिरी किंवा जांभळट दिसतात. व्हाइट बॅलन्सने हे पूर्ण सुधारत नाही, कारण दोष सगळ्या चित्रावर सारखा पसरलेला नसतो. जी वस्तू अवरक्त अधिक परावर्तित करते ती अधिक बिघडते. म्हणून सहा स्टॉपच्या वर जाताना अवरक्तही अडवणारा फिल्टर घ्यावा. संपूर्ण चित्रावर एकसारखी निळी झाक येत असेल, तर ती रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीत) सहज काढता येते आणि तिची फारशी काळजी करू नये.

व्हेरिएबल एनडी म्हणजे एकापुढे एक बसवलेले दोन ध्रुवणकारक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या काचा. एक फिरवला की प्रकाश कमी-जास्त होतो. वाइड लेन्सवर तो शेवटपर्यंत फिरवला की आकाशात काळपट फुलीचा आकार उमटतो, कारण चौकटीच्या कोपऱ्यांतून येणारे किरण काचेवर तिरके पडतात आणि दोन्ही काचांचे काम तिथे सारखे होत नाही. चलच्चित्रणासाठी ही सोय उत्तम आहे. भूदृश्यासाठी, विशेषतः १८ मिलिमीटरवर, मी ती सुचवणार नाही.

एक गोष्ट मात्र अत्यंत गांभीर्याने सांगते. दहा स्टॉपची काच लावली आहे म्हणून डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नये. वर सांगितलेले अवरक्त डोळ्यांपर्यंतही पोहोचते, आणि सूर्य मंद दिसत असल्याने पापणी आपोआप मिटत नाही. चौकट नेहमी मागच्या पडद्यावर पाहून ठरवावी.

प्रतिसाद : जुना निगेटिव्ह

खडकवाट, पाणी आधी आणि फिल्टर नंतर हा क्रम मनापासून पटला. मी फिल्मच्या काळातला आहे. तेव्हा आणखी एक अडचण होती. एक्सपोजर काही सेकंदांच्या पुढे गेले की फिल्म हिशेबाप्रमाणे प्रकाश नोंदवत नसे, आणि मीटरने दहा सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात वीस किंवा त्याहून अधिक द्यावे लागत. किती द्यायचे ते प्रत्येक फिल्मचे वेगळे होते. आम्ही ते आकडे वहीत लिहून ठेवत असू आणि अंधारात टॉर्चने वाचत असू. आता डिजिटल सेन्सरवर साधा गुणाकार पुरतो, ही फार मोठी मोकळीक आहे.

ग्रॅज्युएटेड एनडीचा, म्हणजे वर काळा आणि खाली पारदर्शक होत जाणाऱ्या फिल्टरचा, उल्लेख धाग्यात राहिला आहे, त्याविषयी लिहितो. आकाश उजळ आणि जमीन काळी, ही अडचण प्रकाशचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच प्रकाशचित्रकार समुद्राची दृश्ये टिपत होता. त्या वेळची कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने समुद्राला पुरेसा प्रकाश द्यावा तर आकाश कोरे पांढरे होई. त्याने काही चित्रांत आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच छपाई केली. आज आपण अर्धी काळी आणि अर्धी पारदर्शक अशी १०० बाय १५० मिलिमीटरची काच होल्डरमध्ये वरखाली सरकवतो, त्यामागची गरज तीच आहे.

मुंबईकरांना यातली एक गोष्ट विशेष उपयोगी आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य थेट समुद्राच्या रेषेवर बुडतो आणि सर्वांत उजळ पट्टा आकाशाच्या माथ्यावर नसून क्षितिजालगत असतो. साधा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड फिल्टर माथ्याकडे सर्वांत गडद असतो, त्यामुळे वरचे आकाश विनाकारण काळे पडते आणि क्षितिज तरीही जळते. यासाठी मध्यरेषेवर गडद आणि वर फिकट होत जाणारा रिव्हर्स ग्रॅज्युएटेड मिळतो. क्षितिज मोकळे असलेल्या ठिकाणी, म्हणजे जुहू, गोराई, अक्सा येथे, तो चोख काम करतो. दादर चौपाटीवरून सागरी सेतूमागे सूर्यास्त टिपताना मात्र मी तो वापरत नाही, कारण सेतूचे मनोरे त्या गडद पट्ट्यात सापडून अर्धे काळे आणि अर्धे उजळ दिसतात. तिथे दोन एक्सपोजर घेऊन घरी जोडणे अधिक प्रामाणिक दिसते.

प्रतिसाद : खारदांडा

मी कोळीवाड्यातला आहे आणि कॅमेरा हाती येऊन तीनच वर्षे झाली आहेत, तरी समुद्राविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार घेतो. वरच्या चर्चेत फिल्टर आला, सूर्य आला, पण पाणी किती वाजता कुठे असेल हे कोणी सांगितले नाही.

आमच्याकडे घड्याळाआधी तिथी पाहतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. ही वेळ दिवसाची आणि रात्रीचीही, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण ५० मिनिटे उशिरा येते. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी.

आता याचा प्रकाशचित्राशी संबंध पाहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, दुपारी बाराच्या सुमारास पाणी खूप वर येते आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमके सूर्यास्ताच्या वेळी, खूप दूर जाते. त्या संध्याकाळी बँडस्टँडला गेलात तर समोर शेवाळाचा, डबक्यांचा खडकच खडक दिसेल आणि लाट लांब कुठेतरी फुटत असेल. फिल्टर कितीही चांगला असला तरी समोर पाणीच नाही. उलट अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी वर-खाली कमी होते, पण सूर्यास्ताला ते खडकाला लागलेले असते.

माझी आवडीची तिथी पंचमी आणि षष्ठी. भरती चारच्या सुमारास पूर्ण होते आणि सूर्यास्ताला पाणी उतरणीला लागलेले असते. खडक नुकतेच ओले होऊन बाहेर येत असतात, त्यांच्यामधून पाणी खेळत असते आणि मुख्य म्हणजे प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा थोडी कमी येते. दशमी-एकादशीच्या संध्याकाळी याच्या उलट असते. भरती साडेसात-आठला पूर्ण व्हायची असल्याने सूर्यास्ताला पाणी चढत असते. तुम्ही पडद्यावर सेकंद मोजत असता आणि पाठीमागचा सखल खडक पाण्याखाली जातो. परत येण्याची वाट आधी बुडते, तुमची जागा नंतर. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी चढत्या पाण्यावर खडकांत उतरू नये, ही कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. त्या दिवशी रस्त्यावरूनच चित्र घ्यावे.

होड्यांचेही सांगतो. नांगरावरची होडी दोन मिनिटांच्या एक्सपोजरला कधीही स्थिर येत नाही. नाळ (होडीचे पुढचे टोक) एका जागी राहते आणि डोलकाठी पंख्यासारखी पसरते. होडी हवी असेल तर ओहोटीला चिखलात टेकलेली शोधावी. ती मग पाच मिनिटेही हलत नाही.

धागाकर्ता : खडकवाट

खारदांडा, तुमच्या प्रतिसादाने मूळ लेखातली मोठी उणीव भरून निघाली. मी तक्ता पाहत होतो, पण संध्याकाळच्या वेळेशी तिथीचे असे नाते असते हे इतक्या स्पष्टपणे कधी लक्षात आले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी चढत्या पाण्यात अडकलो होतो. चार मिनिटांचे एक्सपोजर चालू होते आणि ते अर्धवट सोडवेना. शटर बंद झाल्यावर मागे वळलो तर येताना ज्या खडकावरून कोरड्या पायाने आलो होतो त्यावर मांडीभर पाणी होते. एका मच्छीमाराने हाक मारून दुसरी वाट दाखवली. आता जुनी प्रकाशचित्रे उघडून तारखा पाहिल्या, तर तो दिवस एकादशीचा निघाला.

अंधेरीकर, ध्रुवण यांनी रंगाचे उत्तर दिलेच आहे. खरेदीबाबत माझा सल्ला असा, की आधी एक चांगला सहा स्टॉपचा गोल फिल्टर घ्यावा आणि तो लेन्सच्या मापाचा न घेता ७७ मिलिमीटरचा घेऊन स्टेप-अप रिंगने (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कडीने) बसवावा. पुढे मोठी लेन्स घेतलीत तर फिल्टर बदलावा लागत नाही आणि वाइड अँगलला कोपरे काळे होण्याची शक्यताही कमी होते. फिल्टरची कडी पितळी असेल तर उत्तम. अॅल्युमिनियमची कडी खाऱ्या हवेत अडकून बसते आणि खडकावर अंधारात ती सोडवणे फार त्रासाचे होते.

जुना निगेटिव्ह काका, सेतूच्या मनोऱ्यांबाबत पूर्ण सहमत आहे.

प्रतिसाद : संगणकवेडा

एक वेगळा विचार मांडतो. फिल्टर हवाच कशाला? एकेका सेकंदाची ६४ प्रकाशचित्रे सलग घ्यावीत आणि संगणकावर त्यांची सरासरी काढावी. पाणी ६४ सेकंदांच्या एक्सपोजरसारखेच मऊ होते, आणि सरासरीमुळे नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) आठपट कमी होतो, कारण तो चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. मध्येच कोणी बॅटरी चमकवत चौकटीत आले तर तेवढे एक चित्र वगळता येते. चार मिनिटांच्या एकाच एक्सपोजरमध्ये असे झाले तर सगळेच जाते. मरीन ड्राइव्हसारख्या गर्दीच्या जागी मला हाच मार्ग सोयीचा वाटतो.

शिवाय ट्रायपॉडवरून हटकले जाते, तो प्रश्न आहेच. एका ठिकाणी सुरक्षारक्षकाने मला ट्रायपॉड उघडूही दिला नाही. मी कठड्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला आणि सेकंदाची चित्रे घेतली.

प्रतिसाद : ध्रुवण

सरासरीचे गणित बरोबर आहे आणि पद्धतही चांगली आहे. मात्र भर उजेडात एक सेकंदाचे एक चित्र मिळवण्यासाठीसुद्धा काही स्टॉपची काच लागतेच. एकशेपंचविसांश सेकंदाची चित्रे घेऊन सरासरी काढली तर लाटांचे तुटक ठसे एकमेकांवर बसतात आणि सलग प्रवाह दिसायला फार मोठ्या संख्येने चित्रे घ्यावी लागतात. त्याचप्रमाणे सागरी सेतूवरून जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर दोन चित्रांमधल्या फटीमुळे त्या तुटक येऊ शकतात. म्हणून तीन किंवा सहा स्टॉपची काच आणि सरासरी, असे दोन्ही एकत्र वापरणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद : जुना निगेटिव्ह

सरासरीने पाणी मऊ होते हे मान्य, पण खडकवाट यांनी ज्या अर्ध्या सेकंदाच्या रेघांचे वर्णन केले आहे त्या कोणत्याही सरासरीतून येणार नाहीत. त्यासाठी लाट मागे फिरते तो क्षण डोळ्यांनी पकडावा लागतो.

गर्दीवरून आठवले. १८३८ मध्ये प्रकाशचित्रणाचा आद्य प्रवर्तक दागेर याने पॅरिसच्या एका रस्त्याचे प्रकाशचित्र घेतले तेव्हा एक्सपोजर काही मिनिटांचे असल्याने रहदारीचा तो रस्ता पूर्ण रिकामा उमटला. फक्त बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा असलेला माणूस तेवढा दिसतो. गिरगाव चौपाटीवर चार मिनिटांचे एक्सपोजर केले तेव्हा मला तेच दिसले. चालणारी सगळी माणसे गेली आणि वाळूत बसून समुद्राकडे पाहणारे एक वृद्ध जोडपे स्पष्ट राहिले. ते प्रकाशचित्र माझ्या घरी भिंतीवर आहे.

प्रतिसाद : भिजलेला

पावसाळ्यात ओढ्यांवर हेच करायचे असेल तर काय बदल करावा? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले ओढे डोक्यात आहेत.

धागाकर्ता : खडकवाट

तिथे झाडांखाली उजेड मुळातच कमी असतो. त्यामुळे पोलरायझर (एकच ध्रुवणकारक) आणि गरज पडल्यास तीन स्टॉपची काच पुरते. पोलरायझर स्वतःच दीड-दोन स्टॉप घेतो, आणि ओल्या पानांवरची व दगडांवरची पांढरी चकाकी काढून टाकल्याने हिरवा आणि काळा रंग एकदम भरतो. अर्धा ते दोन सेकंद पुरेसे होतात, त्यापुढे ओढा कापसासारखा दिसू लागतो. वारा असेल तर पाने हलतात, म्हणून वारा पडेपर्यंत थांबावे. उद्यानात पाण्याजवळ जाण्यावर पावसाळ्यात निर्बंध असतात, ते पाळावेत.

प्रतिसाद : ध्रुवण

पोलरायझरविषयी एक भर. पाण्यावरचे परावर्तन तो सर्वांत चांगले काढतो ते पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहताना. म्हणजे उभ्याने किंचित खाली, जवळच्या पाण्याकडे पाहावे. आकाशावर त्याचा सर्वाधिक परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो. त्यामुळे सूर्यास्ताकडेच तोंड करून उभे असाल तर आकाशासाठी तो काढून ठेवावा. उगाच दोन स्टॉप जातात.

प्रतिसाद : खारदांडा

खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांविषयी कोणी लिहिले नाही. फिल्टरवर शिंतोडा उडाला आणि तो सुकला, की मिठाचे कण राहतात. ते कोरड्या कापडाने पुसले तर रेझिनच्या फिल्टरवर चरे पडतात. मी गोड्या पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवतो. आधी पाण्याने मीठ विरघळवतो, मग मऊ कापडाने टिपून घेतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवावेत, नाहीतर महिन्याभरात सांधे करकरू लागतात.

प्रतिसाद : अंधेरीकर

आपणा सर्वांच्या सांगण्याप्रमाणे सहा स्टॉपचा ७७ मिलिमीटरचा फिल्टर आणि रिंग घेतली, दिनदर्शिकेत षष्ठी पाहिली, तक्त्यात भरती चार वाजून चाळीस मिनिटांची निघाली आणि काल बँडस्टँडला जाऊन आले. खारदांडा दादांनी लिहिल्याप्रमाणे सूर्यास्ताला पाणी उतरत होते आणि खडक एकेक करून बाहेर येत होते. पहिली दहा-बारा प्रकाशचित्रे १५ सेकंदांची घेतली. ती छान आली, पण सगळी एकसारखी वाटली. मग आयएसओ वाढवून आणि छिद्र एफ ८ करून एका सेकंदावर आले, आणि लाट परत फिरताना बटण दाबू लागले. वीसेक प्रयत्नांनंतर एक मनासारखे मिळाले. खडकाच्या भेगेतून फेसाच्या तीन रेघा खाली येत आहेत आणि मधली रेघ एका लहान दगडाला वळसा घालून जाते आहे.

एकच खटकते. त्या प्रकाशचित्रात वरच्या कोपऱ्यात एक पुसट गोल डाग आहे. सेन्सरवरची धूळ असेल का?

धागाकर्ता : खडकवाट

अभिनंदन! वळसा घालणारी रेघ वाचूनच डोळ्यांसमोर आली, प्रचि (प्रकाशचित्र) इथे जरूर टाका. डाग आधीच्या १५ सेकंदांच्या चित्रांतही त्याच जागी असेल तर धूळ समजावी. नसेल आणि फक्त शेवटच्या काही चित्रांतच असेल, तर तो फिल्टरवर उडालेला थेंब आहे. लाटेजवळ उभे राहून वीस वेळा बटण दाबले म्हणजे एखादा थेंब येणारच. दर चारपाच चित्रांनंतर फिल्टर तिरका धरून उजेडात पाहावा आणि खारदांडा यांची गोड्या पाण्याची बाटली सोबत न्यावी.

प्रतिसाद : अंधेरीकर

तपासले. शेवटच्या सहाच चित्रांत आहे, म्हणजे थेंबच. पुढची षष्ठी पंधरा दिवसांनी आहे, तेव्हा बाटली घेऊन जाते.